लातूरची हवा काढायला निघाले होते

आधीच सांगून टाकते, मी नांदेडची. म्हणजे शेती अर्धापूरला, केळीची, पण आम्ही दोघी बहिणी शाळेसाठी लहानपणापासून नांदेडमध्येच. त्यामुळं लातूरबद्दल मी जे काही लिहीन ते थोडं वाकडं असणार, सांभाळून घ्या. घरून निघाले तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं. लातूरची हवा काढायची.

कामून, ते ऐका. आमच्याकडं दहावीचं पोर घरात असलं की कुणीही येवो, दूधवाला येवो नाहीतर आत्या येवो, पहिला प्रश्न एकच: "लातूरला टाकणार का?" टाकणार! जसं काही पोर म्हणजे पोस्टातलं पाकीट. मी स्वतः अकरावी-बारावी नांदेडलाच केली, नीटची परीक्षा दिली, एमबीबीएसला नंबर लागला नाही. पुढच्या वर्षी परत दिली, तरी नाही. आता फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि मजेत आहे. पण पप्पा अजून प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर हे वाक्य वाढतात: "चूक माझीच. हिला तवाच लातूरला टाकायला पाहिजे होतं." पाहुणे माझ्याकडं बघून मान हलवतात. मी आतल्या खोलीत जाते.

आता माझी धाकटी बहीण प्राजू दहावीला. पप्पांनी मनातल्या मनात तिला टाकून पण झालं होतं. प्राजू मात्र हो म्हणेना, नाही म्हणेना, विचारलं की पुस्तकात तोंड घालायची. शेवटी आई म्हणाली, "आधी दोघी जाऊन बघून तर या." पप्पा माझ्याकडं वळले. "जा. शहर कसं हाय, क्लास कसे हायेत, समदं बघ. तू येऊन सांगशील ते फायनल."

एवढी पॉवर मला! मी निकाल मनात लिहूनच बसमध्ये चढले. लातूर म्हणजे नुसता गाजावाजा, असा.

पहिला दिवस: माळेगावची कोंडी

क्लासच्या वेबसाइटवर भेटीची वेळ घ्यायचा फॉर्म होता. मी दुसऱ्या दिवशीची सकाळी अकराची वेळ टाकली. "आपली भेट निश्चित झाली आहे" असा मेसेज पण आला. आईनं भिंतीवरचं कॅलेंडर बघून सांगितलं होतं, "त्या दिवशी अवस हाय गं." मी म्हटलं, "आई, अवसेला काय क्लास बंद असतात का?" हे वाक्य लक्षात ठेवून मी पुढं स्वतःला लई शिव्या दिल्या.

सकाळी सातची लाल गाडी, अर्धं तिकीट, मांडीवर अर्धापूरच्या केळीची एक मोठी फणी. फणी पप्पांनी दिली होती. "कुणाच्या दारात रिकाम्या हातानं उभं राहू नका." केळी जपायच्या नादात आम्ही सगळा रस्ता बाळ घेतल्यासारख्या बसलो होतो. लोह्याच्या पुढं माळेगाव आलं आणि गाडी थांबली ती थांबलीच. खंडोबाची जत्रा! खिडकीतून बघते तर घोडे, गाढवं, एक उंट, घोंगड्यांचे ढीग, तंबूंच्या रांगा आणि सगळ्यावर पिवळा भंडारा. मी नांदेड जिल्ह्यात जन्मून इथं पहिल्यांदा आले होते, लाजच वाटली. कंडक्टर म्हणाला, "उतरा, भजी खाऊन या. तासभर गाडी हलत नसती."

भज्यांच्या गाड्यावर एक काका घोड्याचा लगाम खांद्यावर टाकून उभे होते. घोडा नव्हता, नुसता लगाम.

"कुठं निघालाव?"

"लातूरला."

"येळवसला व्हय?"

"नाही, क्लास बघायला. उद्या अकराला भेट आहे."

काकांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग भज्यांवाल्याकडं. दोघं असे हसले की भजं खाली पडलं. "उद्या? बघा, बघा. निवांत बघा." मला वाटलं, जत्रेतली माणसं, घेतली असेल थोडी.

लातूर, दुपार

स्टँडवरून बाहेर पाय ठेवला आणि रिक्षावाले चाचा समोर. पांढरी दाढी, कानावर मफलर.

"ट्यूशन एरिया ना? बसा."

"कसं ओळखलं?"

"बेटा, एक मोठी, एक छोटी, हातात फाइल, तोंडावर टेन्शन. और क्या पाहिजे?" रिक्षा वळवता वळवता त्यांनी आरशातून प्राजूला विचारलं, "सराव परीक्षा झाली का? गणितात किती?"

प्राजूनं मला अजून सांगितले नव्हते ते मार्क त्यांना सांगितले. "शंभरपैकी अठ्ठ्याऐंशी."

"अच्छा. बारा कुठं सांडले?"

"भूमितीत."

"भूमिती म्हणजे रोज करायची चीज हाय बेटा, चपातीसारखी. एक दिवस सोडली की हात बिघडतो." चाचांच्या तिन्ही मुली इथंच शिकल्या होत्या, आणि रिक्षात बसणाऱ्या प्रत्येक पोराला ते मार्क विचारतात. आमच्या नांदेडचे रिक्षावाले फक्त कुठं जायचं ते विचारतात, आणि तेच बरं, असं मी तेव्हा मनात म्हटलं.

आणि मग ते बोर्ड! काय सांगू. आमच्याकडं निवडणुकीत एवढे चेहरे लागत नाहीत. बिल्डिंगच्या बिल्डिंगा फोटोंनी झाकलेल्या. पोरं, पोरी, मार्क, रँक आणि मध्यभागी हाताची घडी घातलेले सर. सर कसले, सिनेमाचे हिरोच. ज्या सरांची आम्ही वेळ घेतली होती त्यांचा फोटो तर तीन मजली, बोट आपल्याकडं केलेलं. प्राजू हळूच म्हणाली, "ताई, हे बघ." एकच पोरगा, तोच चष्मा, तोच चौकड्याचा शर्ट, तीन वेगवेगळ्या क्लासच्या बोर्डावर. तिघांचाही पहिला विद्यार्थी तोच!

मी फोनमध्ये नोंद केली: मुद्दा पहिला, थापा. कसलं समाधान वाटलं म्हणून सांगू.

काकूंचा नळ

रात्र काढायला एका मुलींच्या होस्टेलवर सोय केली होती. पुढं प्राजूला राहायचंच झालं तर कसं असतं ते कळावं म्हणून. होस्टेल मीनाक्षी काकू चालवतात. किल्लारीच्या. भूकंपात गाव गेलं तेव्हा त्या शाळकरी पोर होत्या, एवढंच बोलल्या. उंच, आवाज खणखणीत, आणि कान असे की बस्स. मी बेसिनवर तोंड धुवत होते, नळ चालू ठेवून, जसं आपण घरी करतो. तीन खोल्या पलीकडून आरोळी आली:

"नळ कुणाचा वाहालाय गं?"

मी घाबरून बंद केला. बाहेर आले तर काकू पोळ्या लाटत होत्या.

"नांदेडची ना तू? उशाला गोदावरी, म्हणून हात सैल. आमच्या लातूरनं दुष्काळात रेल्वेनं आलेलं पाणी पिलंय, माय. इथं नळाचा आवाज झोपेत पण ऐकू येतो."

त्या होस्टेलमधली प्रत्येक पोरगी दात घासताना मग्यात पाणी घेते. कुणी सांगायला लागत नाही. मला ते पटलं, आणि पटलं म्हणून थोडा रागही आला. मुद्दा दुसरा काय लिहायचा ते सुचेना.

मी केळी दिली तशी काकूंनी एक सोलून तिथंच खाल्लं. "अर्धापूरचं?" "हाव." "तेच म्हणलं." ह्यावर मात्र माझी छाती फुगली. लातूरनं कितीही बोर्ड लावू दे, हे असलं केळं त्यांना जमायचं नाही.

संध्याकाळी आम्ही गंजगोलाई बघायला गेलो. मध्ये देवीचं मंदिर, भोवती गोल बाजार आणि त्या गोलातून फुटलेले सोळा रस्ते. एकेका रस्त्याला एकेक माल: इथं सोनं, तिथं भांडी, पुढं कापड, पलीकडं मसाले. मला हे सगळं लई साधं वाटलं होतं. गोल आहे, फिरून परत जागेवर येणार. कसलं काय! आम्ही चार वेळा फिरलो आणि चारही वेळा भांड्यांच्या गल्लीत निघालो. चौथ्या वेळी दुकानदार म्हणाला, "घ्या आता एक पातेलं, ओळख झाली आपली." आणि गर्दी म्हणजे किती! बायका कोथिंबिरीच्या पेंढ्याच्या पेंढ्या घेऊन चाललेल्या. ती इकडची नावाजलेली कास्ती कोथिंबीर, वास तिसऱ्या दुकानापर्यंत. हिरवा वाटाणा, तुरीच्या शेंगा, चुका, हरभऱ्याचा पाला. प्राजू म्हणाली, "इथं उद्या सगळ्यांच्या घरी लग्न आहे का गं?" मी म्हटलं, "लातूरकर खादाड असतील." एवढी हुशार मी.

येताना एक गोष्ट बघितली ती सांगायलाच पाहिजे. एका अभ्यासिकेच्या दारात चपला. जिन्याच्या पहिल्या पायरीपासून वरच्या मजल्यापर्यंत दोन्ही बाजूंनी चपलाच चपला, आणि आतून आवाज शून्य. पंख्याचा तेवढा. समोरच्या चहाच्या टपरीवर एक पोरगी दुसरा चहा मागत होती, तर टपरीवाला म्हणाला, "आता नाही. वर जा. साडेआठला ये, ठेवतो." धंद्याचा माणूस गिऱ्हाईक परत पाठवतो! मी प्राजूकडं बघितलं. ती त्या चपलांकडं बघत होती.

दुसरा दिवस: शहर गेलं कुठं?

सकाळी दहाला आवरून बाहेर पडलो आणि रस्त्यात थांबलोच. रस्ता रिकामा. म्हणजे लातूर, जिथं काल चालायला जागा नव्हती, तिथं आज एक कुत्रं आडवं झोपलेलं, मधोमध, निवांत. दुकानं बंद, टपरी बंद, रिक्षा एक नाही. क्लासच्या शटरला कुलूप. वरून तीन मजली सर बोट करून माझ्याकडं बघत होते, खाली मी मेसेज दाखवत उभी. आपली भेट निश्चित झाली आहे!

पोटात कावळे. नाश्त्याची गाडी नाही, मेस नाही, साधं बिस्किटाचं दुकान नाही. परत होस्टेलवर आलो तर काकू दाराला कुलूप लावत होत्या, शेजारी भांड्यांची उतरंड, आणि जीपमध्ये त्यांची सगळी मंडळी कोंबलेली.

"काकू, आज बंद आहे का शहर? काय झालं?"

काकू हातातली किल्ली तशीच धरून हसत राहिल्या. "अगं, येळवस हाय! वेळ अमावस्या! आज लातुरात माणूस शोधून सापडत नाही, समदे रानात. तुमच्याकडं नसते?"

अर्धापूरकडं आमच्या घरी एवढं काही नसतं. अवसेला नारळ फोडतो, झालं. मला आठवला तो लगामवाला. मेल्यानं एका शब्दानं सांगितलं असतं तर!

"चला," काकू म्हणाल्या.

"कुठं?"

"रानात. इथं राहून काय कुलूप चघळणार?"

आणि असे आम्ही किल्लारीच्या जीपमध्ये. प्राजू काकूंच्या जावेच्या मांडीवर, मी भज्जीच्या भांड्याला मिठी मारून. औशाच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ज्वारी, हरभरा, करडई, आणि प्रत्येक शेतात माणसं, माणसं, माणसं. सगळं शहर उचलून शिवारात पेरल्यासारखं. भूकंपानंतर वसवलेल्या नव्या किल्लारीच्या सरळ गल्ल्या ओलांडून पुढं गेलो. काकूंच्या शेतात कडब्याची कोप उभी केलेली, म्हणजे ज्वारीच्या ताटांची छोटी झोपडी, आत चुना लावलेले पाच दगड, ते पाच पांडव. पूजा झाली, मग आंबील सगळ्या शेताला शिंपडत पुरुषमंडळी ओरडत फिरली. काय ओरडतात ते कुणालाच कळत नाही. मूळ कानडी आहे म्हणतात, पण सगळे जोरात ओरडतात. मी पण ओरडले.

जेवण! थांबा, नीट सांगते. भज्जी म्हणजे आपली भजी नव्हे. काल बाजारात बघितलेलं ते सगळं हिरवं, वाटाणे, तुरीचे दाणे, पाला, चुका, बेसन लावून एका पातेल्यात शिजवलेलं, आंबट-तिखट. त्याच्याबरोबर बाजरीचे उंडे म्हणजे उकडलेले गोळे, शेंगदाण्याची पोळी, गव्हाची खीर आणि माठातली ज्वारीची गार आंबील, ताकाची, लसणाची. मी किती खाल्लं ते लिहीत नाही. रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला पण हाक मारतात, "या, जेवून जावा!" ओळख असायची गरज नाही. हे मला आपलं वाटलं. आमच्या नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या लंगरात पण असंच, बसलास की ताटात पडतं, कुणी नाव विचारत नाही. लातूरकरांनो, ह्या एका गोष्टीत आपण बरोबरीचे, मान्य.

तीन मजली सर, जमिनीवर

जेवून बांधावर बसलो होतो तर शेजारच्या शेतातून एक माणूस येताना दिसला. पायजमा गुडघ्यापर्यंत वर, खांद्यावर घोंगडी, डोक्यावर आंबिलीचा माठ.

प्राजूनं माझा दंड धरला. "ताई. सर."

खरंच ते! बोर्डावरचे! फक्त तिकडं केस काळेभोर होते आणि इथं अर्धे पांढरे. काकू ओरडल्या, "ओ सर, तुमची अकराची पोरं आणलीत बघा! शटरला नमस्कार करून आल्यात!"

सरांनी माठ उतरवला, माझा मेसेज वाचला आणि कपाळाला हात लावला. "त्या फॉर्मला येळवस कळत नाही. मी केव्हाचं सांगालोय त्या कॉम्प्युटरवाल्याला. माफ करा हं. आता इथंच विचारा काय विचारायचं ते."

मी तर तयारच होते. "सर, एकच मुलगा तीन बोर्डांवर कसा?"

काकूंची जाऊ खुदकन हसली. सर पण हसले. "एकानं फिजिक्स शिकवलं, एकानं बायो, एकानं नुसत्या टेस्ट घेतल्या. तिघं म्हणतात आमचा. आणि त्याचा बाप म्हणतो, माझा." मग खांद्यावरची घोंगडी सावरून म्हणाले, "खरं सांगू? हुशार पोरं येतात, हुशारच जातात, बोर्ड आम्ही लावतो. ज्याला घरी बसून अभ्यास होतो त्यानं घरीच बसावं. नांदेडला आता काय कमी हाय? चांगली माणसं शिकवायलीत तिथं."

ऐकलंत? लातूरच्या सरांच्या तोंडून! मी बांधावर उभीच राहिले. "प्राजू, ऐकलंस? ऐकलंस ना? मी काय म्हणत होते!" मला तिथल्या तिथं पप्पांना फोन लावायचा होता. चार वर्षांचा हिशेब एका वाक्यात चुकता. मी फोन काढला पण रेंज नव्हती, म्हणून विहिरीकडच्या उंचवट्यावर निघाले. प्राजू मागं मागं आली.

"ताई, थांब. फोन लावू नको."

"का?"

ती ज्वारीचं पान ओढत उभी राहिली. मग एका दमात बोलली.

"मला इथं यायचंय."

"अगं पण सर आत्ताच म्हणले..."

"सर म्हणले ते बरोबर असेल. क्लास तिकडं पण चांगले आहेत, मला माहिती. पण नांदेडला मी वर्गात बसले ना, की विचारतात, तू तिची बहीण ना? आत्या आली की आधी तुझ्याकडं बघती, मग माझ्याकडं, मग उसासा टाकती. मी अजून पेपर दिलाच नाही, ताई, आणि मी आत्ताच नापास होऊन बसलेय. इथं कुणाला तू माहीत नाहीस. त्या चाचांनी मला माझे मार्क विचारले. नुसते माझे."

मी फोन खाली केला.

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू? मी लातूर म्हटलं की पप्पा म्हणणार, बघा, धाकटीला पण कळतं, मोठीला तवाच टाकायला पाहिजे होतं. आणि तू परत आतल्या खोलीत जाऊन बसणार." तिचे डोळे भरले होते पण आवाज हलला नाही. "म्हणून मी म्हटलं, राहू दे. नाही गेले तरी चालतंय."

पंधरा वर्षांची पोरगी. माझ्यासाठी दोन वर्षं सोडायला निघालेली, आणि मी तिला थापा, नळ आणि बोर्ड मोजून दाखवत होते! मला तिची इतकी लाज वाटली, म्हणजे तिची नाही, तिच्यासमोर माझी, आणि त्याच वेळी असा गर्व वाटला की ओरडून सगळ्या शिवाराला सांगावं, ही बघा, ही माझी बहीण.

"भूमितीचे बारा मार्क कोण भरून देणार?" मी विचारलं.

"मीच."

"मग नीट उभी राहा. पप्पांशी मी बोलते."

विहिरीवरून फोन

आता निकाल. लातूर गाजलंय तेवढं आहे का? माझं मत लिहिते, भांडायचं असेल तर या. बोर्डावरचं लातूर अर्धं खोटं आहे. डॉक्टर बनवायचं मशीन तिथं कुठंच नाही, मी शोधलं. पण ज्या गावात रिक्षावाला मार्क विचारतो, टपरीवाला गिऱ्हाईक अभ्यासाला परत पाठवतो आणि तीन मजली सर खाली उतरून खरं बोलतात, त्या गावाला नुसता गाजावाजा म्हणायला माझी जीभ वळत नाही. नांदेड ह्यापेक्षा कमी आहे का? मुळीच नाही. नदी आमची, लंगर आमचा, केळं तर आमचंच. दोन्ही गावं आपलीच आहेत. कुठलं चांगलं ते विचारण्यापेक्षा, कुणाला कुठं मोकळा श्वास येतो ते विचारायला पाहिजे होतं. आम्ही कुणी तिला ते विचारलंच नव्हतं.

उंचवट्यावर रेंजच्या दोन दांड्या आल्या. पप्पांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"बोल माय. कसं हाय लातूर?"

"चांगलं आहे पप्पा. प्राजूला इथं यायचंय. मनापासून. येऊ द्या तिला."

"म्हणलं होतं ना मी!" पप्पांचा आवाज एकदम मोठा झाला. ते केळीच्या बागेत असावेत, मागं पाण्याचा आवाज होता. "म्हणलं होतं की नाही? तुला पण तवाच..."

"पप्पा, थांबा." चार वर्षांत मी त्यांना हे वाक्य पुरं करण्याआधी कधी थांबवलं नव्हतं. प्राजू दोन हात अंतरावर उभी राहून ऐकत होती. "मला लातूरला टाकलं असतं तरी माझं झालं नसतं. नांदेडचं काही चुकलं नाही. तुमचं पण नाही. मला ते शिकायचंच नव्हतं पप्पा. पुस्तक उघडलं की मला झोप यायची. तुम्ही लातूर लातूर म्हणायचात ते मला सोपं पडायचं, म्हणून मी कधी बोलले नाही."

पलीकडं नुसतं पाणी वाहत राहिलं. मला वाटलं रेंज गेली. मी फोन कानापासून काढून बघितला, चालू होता.

"पप्पा?"

"हाव, हाय मी." मग ते एकदम हळू आवाजात बोलले, घरात कधी बोलत नाहीत तसं. "मग तुला काय शिकायचं होतं गं?"

मी तिथंच विहिरीच्या कठड्यावर बसले, आणि सांगायला लागले.